कळंबच्या खडकाचं वय

आमच्या घरात कोरा कागद क्वचितच दिसायचा. बाबा विरारजवळच्या आगाशीत एका लहान छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, ओळ जुळवायची, पान बांधून पायाने चालणाऱ्या ट्रेडल यंत्रावर चढवायचं, हे त्यांचं काम. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं ही पोटाची कामं. बाकीचा वेळ त्याच यंत्रावर सभांची, मोर्च्यांची, पाण्यासाठी केलेल्या उपोषणांची पत्रकं निघत. त्यातली शाई फुटलेली, वाकडी छापलेली पत्रकं घरी येत. त्यांच्या पाठीवर मी पाढे लिहिले, नकाशे काढले, आणि कंटाळा आला की पान उलटून पुढची बाजू वाचली. मला ओळखता आलेलं पहिलं जोडाक्षर ‘धिक्कार’मधलं होतं.

तेव्हा मी मोठी होऊन पत्रकं लिहू लागले याचं कोणालाच नवल वाटलं नाही.

कळंबचं पत्रक मी बाविसाव्या वर्षी लिहिलं. आगाशीच्या पलीकडे, कळंबच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला खडकाचा एक लांब पट्टा आहे. भरतीला तो दिसत नाही, ओहोटीला उघडा पडतो. मागे सुरूची झाडं, कोळ्यांची घरं, आणि अलीकडे उभी राहिलेली कॉटेजेस. त्यातल्या एका कॉटेजचं माहितीपत्रक आमच्याच छापखान्यात छापायला आलं. त्यात शेवटची ओळ होती, ‘लवकरच खडकविरहित किनारा’. बाबांनी ती ओळ मला वाचून दाखवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चौकशी केल्यावर कळलं की पाहुण्यांच्या पायांना लागतं म्हणून खडक फोडायचा अर्ज ग्रामपंचायतीकडे गेला आहे.

मी त्याच दिवशी बसून लिहिलं. मथळा होता, ‘साडेसहा कोटी वर्षांचा साक्षीदार फोडणार?’

जुळणी करताना बाबांनी विचारलं, “हे साडेसहा कोटी कुठून आलं?”

“पुस्तकातून. अख्खा महाराष्ट्र लाव्हारसाचा आहे, बाबा. शाळेत शिकवतात.”

“अख्खा?”

“अख्खा.”

त्यांनी मथळा छत्तीस पॉइंटात लावला. त्याहून मोठा टाइप छापखान्यात नव्हता.

आगाशीच्या बाजारात मी ते पत्रक दोन रविवार वाटलं, मग कळंबला घरोघर. परिणाम झाला. पंचायतीने अर्जाचा निर्णय पुढे ढकलला, आणि ग्रामसेवकाच्या टेबलावरच्या काचेखाली माझं पत्रक जाऊन बसलं. मी काहीतरी निमित्त काढून दोनदा ते बघून आले, हे कबूल करते.

त्या दिवाळीच्या सुमारास माझा आतेभाऊ अमेरिकेतून परतला. कंपनीने त्याला वर्षभर तिकडे पाठवलं होतं. येताना त्याने हातात मावेल असं पिवळं जीपीएस यंत्र आणलं. विरारच्या त्यांच्या फ्लॅटच्या गच्चीवर उभं राहून तो मला आकडे दाखवत होता, अक्षांश, रेखांश, आकाशात किती उपग्रह सापडले.

“तिकडे लोक डबे लपवतात,” तो म्हणाला. “वेबसाइटवर आकडे टाकतात. दुसरे लोक हे घेऊन शोधत जातात. डब्याला कॅश म्हणतात, खेळाला जिओकॅशिंग.”

“डब्यात काय असतं?”

“काही नाही गं. वही असते, नाव लिहायचं. पण एक प्रकार आहे, त्यात डबापण नसतो. तुला आवडेल. जागाच बघायची. एखादा दगड, नदीचं वळण, झरा. त्यालापण कॅशच म्हणतात. ज्याने ती बनवली तो वेबसाइटच्या पानावर थोडं समजावतो आणि प्रश्न देतो. तू तिथे जाऊन, बघून, उत्तरं त्याला मेल करायची.”

मी म्हणाले, “म्हणजे पत्रकच की. जगभर वाटलेलं.”

“पत्रक वाचायला कुठे जावं लागत नाही,” तो म्हणाला. मला तेव्हा तो टोमणा वाटला.

कळंबच्या खडकाची कॅश करायची हे मी गच्चीवरच ठरवलं. विरार पश्चिमेला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी पान लिहिलं. म्हणजे माझ्या पत्रकाचंच इंग्रजी केलं. आतेभावाने व्याकरण सुधारलं. दोन उद्गारचिन्हं काढली, मी ती परत घातली. पाहणाऱ्यासाठी दोन प्रश्न दिले. हा खडक किती कोटी वर्षांचा आहे? आणि तो फोडणं योग्य आहे काय?

अशी पानं तपासणारा कुणीतरी परीक्षक असतो. बाई की पुरुष, कुठल्या देशातला, मला कधीच कळलं नाही. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं. भाषा सभ्य होती. आशय असा, की तुमचं पान वाचून मला काय वाटायला हवं ते कळलं, पण तिथे आल्यावर मला काय दिसेल ते कळलं नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पानावर आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायला खडक बघावा लागत नाही. खाली त्याने स्वतः काही विचारलं होतं. खडकातले कण केवढे आहेत? त्यात थर आहेत का? असले तर कोणत्या दिशेला कलले आहेत? आणि शेवटी, जागेची देखभाल करणाऱ्यांची लेखी परवानगी जोडा.

मी भडकले. “परवानगी कसली? समुद्रकिनारा कुणाच्या मालकीचा नाही.”

“मग पंचायतीला पत्रक कशाला दिलंस?” आतेभावाने विचारलं.

मी तो मेल बंद करून टाकला. पण कणांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता, कारण मला उत्तर येत नव्हतं. मी तो खडक नेहमी वरून, सुरूच्या झाडांखालून बघितला होता. लांबून तो काळा दिसायचा. आपल्याकडे दगड काळाच असतो, म्हणून मी पुढे गेलेच नव्हते.

अमावास्येच्या आसपास ओहोटी खूप आत जाते. तसा दिवस बघून आम्ही दोघं सकाळी कळंबला गेलो. मी बाबांचं छपाई तपासायचं भिंग घेतलं होतं. आतेभावाने यंत्र. आकडे स्थिर होईपर्यंत तो हात वर करून खडकावर उभा राहिला, आणि मी उकिडवी बसून पहिल्यांदा तो खडक जवळून बघितला.

काळा होता तो वरचा शेवाळाचा थर. जिथे तो नव्हता तिथे खडक तांबूस पिवळा होता, खरबरीत, चिक्कीसारखा. भिंगातून बघितलं तर प्रत्येक कण वेगळा दिसत होता. वाळू होती. वाळूत शिंपल्यांचे तुकडे होते, काही अख्खे शिंपले, त्यांच्यावरच्या रेघांसकट. सगळं एकमेकांना चिकटून दगड झालेलं. थरही होते. एकावर एक कलंडून ठेवलेल्या वह्यांसारखे, आणि सगळ्यांचा उतार समुद्राकडे.

“हे लाव्हारसाचं वाटत नाही,” आतेभाऊ म्हणाला.

“गप्प बस.”

त्याने खिशातून लिंबू काढलं. घरून निघताना आत्याकडून घेतलं म्हणाला, वाचलं होतं कुठेतरी. खडकाला इजा करायची नाही हा कॅशचा नियम, म्हणून आम्ही सुटून पडलेली एक ढलपी घेतली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला, चुन्यावर येतो तसा. मग वर, किनाऱ्यालगत घातलेल्या बांधाच्या काळ्या दगडावर पिळलं. काही झालं नाही. रस नुसता ओघळून गेला.

त्या काळ्या दगडाबद्दल मी लिहिलेलं खरं होतं. तो कुठल्यातरी खाणीतून ट्रकने आला होता.

मी पुन्हा खाली जाऊन बसले. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. तेव्हा मला फक्त प्रश्न पडत होते. वाळूचा दगड कसा होतो? किती दिवसांत होतो? अजून होतोय का?

पलीकडे एक बाई खडकावरची कालवं काढत होत्या. टोकदार लोखंडाने कालवाचं वरचं झाकण उडवायचं, आतलं मऊ मांस खरवडून डब्यात टाकायचं, पुढे सरकायचं. मी त्यांना ओळखत होते. त्या पंचायतीच्या सदस्य होत्या, पत्रक द्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही.

“काय शोधतीस गं?” त्यांनी विचारलं.

“मावशी, हा दगड कसला आहे?”

त्या हसल्या. “मला इचारतीस? तूच लिवलंस ना, साडेसा कोटी?”

“ते चुकलंय बहुतेक.”

“बहुतेक,” त्या म्हणाल्या आणि डबा बाजूला ठेवला. “ह्याला आमी करल म्हंतो. जुन्या हिरी हायत ना, त्या ह्याच्याच बांधलेल्या. ये, तुला दाखवते.”

त्या अनवाणी, न घसरता पुढे गेल्या, आम्ही दोघं चपला हातात घेऊन धडपडत मागे. समुद्राच्या बाजूला एका थरात, वरून चार बोटं आत, लाल काहीतरी रुतलेलं होतं. कौलाचा तुकडा. हाताने केलेलं कौल नव्हे, कारखान्यातलं, सरळ पन्हळीचं. काजू चिक्कीत बसतो तसा खडकात गच्च बसलेला. वर वाळू, खाली वाळू, सगळं दगड झालेलं.

“आमच्या सासऱ्यांची म्हावरं ठेवायची खोप होती तिकडं,” मावशी म्हणाल्या. “वादळात पडली. माज्या लग्नाच्या आधी. तिचंच आसंल, नायतर दुसऱ्या कुनाच्या खोपीचं. माजं म्हायेरबी इथलंच. आमी लहानपनी इथं नख लावायचो, तवा एवढं घट नव्हतं.”

मी बोट लावलं. हललं नाही.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“समद्यांना म्हाईत हाय. तुजा कागुद वाचला तवा आमी बायका लय हसलो. माजा दीर म्हनला, खोपीचं कौल साडेसा कोटी वर्षांचं झालं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

मावशींनी पुन्हा डबा उचलला. “तू दारात उभी राहून एवढ्या जोरात बोलत व्हतीस. मधी कोन बोलनार? आनि कागुद आमच्याच बाजूचा व्हता.”

आतेभाऊ यंत्रात बघत हसत होता. मी चपला हातात घेऊन त्याच्या आधीच वर निघाले.

पुढचे काही आठवडे मी कॉलेजच्या ग्रंथालयात भूगोलाच्या कपाटासमोर काढले. हळूहळू उलगडलं. शिंपल्यांतला चुना पाण्यात थोडा विरघळतो. भरतीचं पाणी वाळूत मुरतं, ओहोटीला ऊन लागतं, पाणी उडून जातं, आणि विरघळलेला चुना कणांच्या मधल्या फटीत पुन्हा धरतो. असं रोज दोनदा. भिंतीच्या दगडांमधल्या फटी गवंडी चुन्याने भरतो तसं. काही शतकांत होतं, कधी हजारो वर्षांत, कधी एका माणसाच्या आयुष्यातही. त्या पट्ट्याचे खालचे थर पुष्कळ जुने असतील. किती ते मला माहीत नव्हतं. कौलाच्या वरचा भाग मात्र कौलापेक्षा जुना असणं शक्य नव्हतं, हे कळायला पुस्तक लागत नव्हतं.

प्रश्न आता खडकाचा राहिला नव्हता. परवानगीसाठी मला त्याच टेबलासमोर उभं राहायचं होतं जिथे काचेखाली माझं साडेसहा कोटी होतं, आणि त्या आकड्यामुळेच खडक फोडण्याचा निर्णय थांबला होता. मी खरं सांगितलं तर कॉटेजवाला म्हणणार, बघा, कालचा दगड आहे, फोडा.

“पान इंग्रजीत आहे, पत्रक मराठीत,” आतेभाऊ म्हणाला. “दोन्ही वाचणारा एकपण माणूस निघणार नाही. परवानगी घे, पानावर खरं लिही, पत्रकाचं सोडून दे.”

मला हे मुद्दाम लिहायचं आहे, की मी त्यावर दोन दिवस विचार केला. दुसऱ्यांच्या खोटेपणावर मी इतकी पत्रकं लिहिली होती, आणि माझी वेळ आल्यावर मी पहिल्यांदा हिशेब केला तो कोणाला कळेल याचा.

तिसऱ्या दिवशी मी बाबांना सांगितलं. ते खणांच्या लाकडी पेटीत खिळे परत टाकत होते, प्रत्येक अक्षर आपापल्या खणात. हात थांबला नाही.

“शुद्धिपत्र काढ,” ते म्हणाले.

“छोटी चौकट? कोपऱ्यात?”

“चूक ज्या टाइपात, शुद्धिपत्र त्याच टाइपात. या छापखान्यात तसंच करतात.” मग पुढचा खिळा खणात टाकून, “पण मी बघितल्याशिवाय जुळवणार नाही. मागच्या वेळी मी ‘अख्खा?’ विचारलं आणि तिथेच थांबलो.”

मग बाबा कळंबला आले. पायजम्याची टोकं वर दुमडून ते खडकावर उतरले. मी काही समजावू लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. “प्रश्न विचार. तुझ्या त्या पानावर विचारतात तसे.”

मी विचारलं, कण केवढे आहेत? भिंग त्यांचंच होतं, पण त्यांनी ते लावलं नाही. बोटांच्या पेरांनी खडक चाचपला, जुळाऱ्याला खिळ्याची जाडी बोटाला कळते तसा. “बारा पॉइंटाच्या टिंबाएवढे. काही मोठे.” थरांचा उतार? त्यांनी खिशातली गोटी एका सपाट थरावर सोडली. ती समुद्राकडे गेली, एका खळग्यात अडकली. गोटी त्यांच्या खिशात कशी आली हे मी विचारलं नाही. मग त्यांना कौल दाखवलं आणि विचारलं, यावरून काय वाटतं?

त्यांनी कौलावरच्या थरावरून बोट फिरवलं. “वरचं शेवटी जुळवलेलं आहे,” म्हणाले. “कौल आधी पडलं, मग वरच्या ओळी भरल्या.”

ते तीन प्रश्न मी पुढे पानावर जसेच्या तसे ठेवले. परीक्षकाने त्यातला एक शब्दही बदलला नाही.

शुद्धिपत्र छत्तीस पॉइंटात निघालं. ‘कळंबचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा नाही.’ खाली लहान टाइपात, काय चुकलं, का चुकलं, आता काय दिसलं. आणि शेवटी, माझं नाव. ते मी आगाशीच्या बाजारात त्याच जागी उभं राहून दोन रविवार वाटलं. पत्रक वाटणं एक आणि हे एक. आधी लोक न वाचता घडी घालायचे, आता उभे राहून वाचत होते. केळीवाल्या काकांनी वाचून शेजारच्याला दिलं. “घ्या, दगडाचं वय उतरलं. आमच्या केळ्यांचा भाव नाय उतरत.” एका शिक्षकांनी शुद्धलेखनाची चूक दाखवली. मी म्हणाले, त्याचंही काढू का, तर ते म्हणाले, नको, तुझ्या बाबांना एवढा टाइप परवडायचा नाही.

पंचायतीच्या सभेत कॉटेजचा व्यवस्थापक शुद्धिपत्र हातात घेऊनच आला. अपेक्षेप्रमाणेच बोलला. जुना म्हणून ठेवायचा होता, आता पत्रकवाली मुलगीच लिहून देते की जुना नाही. मग अडचण काय?

सरपंचांनी मला विचारलं, “मग वय किती?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “वरचा थर कौलापेक्षा लहान आहे. खालचं मला सांगता येत नाही.”

कुणीतरी हसलं. एखादं जोरदार वाक्य तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं. मी खाली बसले आणि मला खरंच वाटलं की खडक गेला.

मावशी उठल्या नाहीत. बसूनच बोलल्या.

“दगड म्हातारा हाय म्हनून नव्हता ठेवला आमी. साडेसा कोटीचं काय करायचंय आमाला? त्याच्यावर आमी कालवं काढतो. उधानाला लाट त्याच्यावर फुटते म्हनून मागची घरं ऱ्हायलीत. कौल त्याच्यात रुतलं, म्हंजे जी वाळू समुद्र नेतो त्यातली थोडी हा धरून ठेवतो. आजून धरतोय. कामावरच्या मानसाला कोनी काढतं का?”

व्यवस्थापक म्हणाला, हे अर्जात नाही. सरपंच म्हणाले, सभेच्या कागदात आता लिहून घेऊ. आणि त्यांनी ग्रामसेवकाला लिहून घ्यायला सांगितलं, की खडक फोडायला परवानगी नाही. कारण म्हणून वय लिहिलं नाही. कालवं लिहिली, लाट लिहिली, घरं लिहिली.

यातलं एकही कारण माझ्या पत्रकात नव्हतं. ती कारणं जाणणाऱ्या बायका त्या खडकावर रोज ओणव्या असत, आणि मी त्यांच्या दारात उभी राहून त्यांना ज्वालामुखी सांगत होते.

कॅशची परवानगी त्याच सभेत मिळाली. खडकाला हात न लावता, नुसतं बघायला हरकत नाही, असं पत्र. ते घ्यायला मी ग्रामसेवकाच्या टेबलाशी गेले. काचेखाली जुनं पत्रक तसंच होतं. शेजारी शुद्धिपत्र सरकवलेलं. दोन मथळे, एकाच टाइपात. मी म्हणाले, जुनं आता काढून टाका ना.

मावशी मागे उभ्या होत्या. “ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “एकावर एक थर बरे दिसतात. आनि पुढला कागुद लिवशील तवा वर झाडाखाली नको उभी राहू. ओटी बघून ये. मी आसतेच खाली.”

मी त्यांना ओहोटीच्या वेळा विचारल्या. त्या सांगू लागल्या आणि मी पत्राच्या पाठीवर लिहून घेऊ लागले.